कुंदाताईंच्या पाटीवर काय लिहायचं

कुंदाताईंच्या स्मरणसभेत मी त्यांच्या ज्या शोधाचं तोंड भरून कौतुक केलं, तो शोध त्यांनी स्वतःच चुकीचा ठरवून मागे घेतला होता.

मला हे माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. माहीत होतं. तो मागे घेतला त्या दिवसांत आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. पण झालं असं, की सभेत घरच्यांपैकी कोणीतरी बोलायला हवं होतं. माधवीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, "मी उभी राहिले की रडेन, मला सांगू नका," असं म्हणून अंग काढून घेतलं. राहिलो मी. कुंदाताईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा, बँकेतला निवृत्त अधिकारी, आणि ज्याला बोलायला कधी सांगावं लागत नाही, थांबायला सांगावं लागतं असा माणूस. फक्त नव्यानं काही लिहायचा कंटाळा आला. कपाटात जुनं भाषण होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी इथं बंगालमधल्या मराठी मंडळींनी कुंदाताईंचा सत्कार केला होता, तेव्हा मीच ठोकलेलं. तेच काढलं. 'आहेत' होतं तिथे 'होत्या' केलं, 'दीर्घायुष्य लाभो' खोडलं, इंग्रजीत उतरवलं आणि गेलो. त्या सत्काराच्या वेळी शोध अगदी ताजा होता, त्यामुळे निम्मं भाषण शोधावरच होतं. ते काढून टाकायला हवं हे डोक्यातच आलं नाही. दीर्घायुष्य तेवढं नेमकं खोडलं.

पुढच्या रांगेत शर्मिष्ठा बसली होती. ती कुंदाताईंची बंगाली विद्यार्थिनी, त्यांना 'कुंदादी' म्हणायची; आता त्यांची प्रयोगशाळा तीच चालवते. मी शोधापाशी आलो तशी तिनं मान खाली घातली. मला वाटलं, हुंदका आवरतेय. म्हणून मी आवाज आणखी थोडा चढवला. कुंदाताईंच्या संशोधन संस्थेचे संचालक दुसऱ्या शहरातून नव्यानंच आलेले, त्यांना जुनं काही ठाऊक नाही. ते इतके भारावले, की माझ्यानंतर उठून त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं : कुंदाताईंच्या प्रयोगशाळेबाहेर पितळेची पाटी लावू आणि तिच्यावर हा शोध कोरू. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

घरी येताना टॅक्सीत माधवीनं आधी खिडकीची काच वर केली. मग म्हणाली, "तुम्ही काय बोललात ते कळलं का तुम्हाला?"

"चांगलं झालं ना? पाटी लावतायत..."

मग तिनं सांगितलं. मला टॅक्सीतून उतरावंसं वाटलं, पण आम्ही उड्डाणपुलावर होतो.

कुंदाताई गेल्या त्याला आता काही आठवडे झाले. न्यू टाउनमधल्या त्यांच्या शेजारणीचा सकाळी फोन आला, तेव्हा बेहालाच्या बाजारातून मी आणलेल्या पालकात पालक किती आणि गवत किती यावर आमच्या घरात वाद चालू होता. झोपेतच हृदय थांबलं होतं. डॉ. कुंदा पाठारे यांनी उभं आयुष्य आतड्याच्या कॅन्सरवर काम केलं, आणि त्यांना नेलं दुसऱ्याच कशानं तरी. असल्या योगायोगातून अर्थ काढणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग यायचा. म्हणून मीही काढत नाही.

पाठारे मंडळी बागबाजारात पिढ्यान्‌पिढ्यांची. मराठ्यांच्या स्वाऱ्यांना घाबरून या शहरानं एके काळी खंदक खणायला घेतला होता, त्याचं वरचं टोक बागबाजारातच होतं. कुंदाताईंचे वडील गणिताचे मास्तर. ते म्हणायचे, "खंदक पुरा झाला नाही, म्हणून आपण आत आलो." मी आत आलो तो बँकेच्या बदलीची ऑर्डर घेऊन. परक्या गावात मराठी मुलगा आलाय, सरकारी बँकेत आहे, निर्व्यसनी आहे, हे कळायला मराठी मंडळींना दोन रविवार पुरले आणि मी माधवीला 'बघायला' जाऊन बसलो. पोहे आले. माधवी खाली मान घालून बसली होती. तिच्या शेजारी एक उंच, चष्मेवाली मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. तिनं पहिला प्रश्न विचारला.

"तुमच्या घरात कोणाला आतड्याचा आजार?"

मी म्हटलं, "आजोबांना होता. त्यातच गेले."

"किती वर्षांचे होते? रक्त जायचं का?"

"कुंदे!" आतून त्यांची आई ओरडली.

"आणि तुमचं? रोज साफ होतं?"

"रोज होतं. आज नाही झालं," मी म्हटलं, "भीतीनं."

सगळी खोली हसली. कुंदाताई हसल्या नाहीत. त्यांनी ते डोक्यात कुठेतरी नोंदवून ठेवलं आणि पुढची सगळी वर्षं माझ्यावर त्याचा वचपा काढला. लग्नानंतर मी त्यांना 'कुंदाताई' म्हणायला लागलो आणि त्या मला 'विनायकराव'. या 'राव'मध्ये आदर होता असा माझा कित्येक वर्षं समज होता.

त्यांच्याबरोबर जेवायला बसणं ही शिक्षा होती. माणसं जेवताना हवापाण्याचं बोलतात, कुंदाताई आतड्याचं बोलायच्या. आतड्याच्या आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं, हे मला पहिल्यांदा समजलं ते वालाच्या उसळीबरोबर. अस्तरात बारीक बारीक विहिरी असतात, विहिरीच्या तळाशी पेशी जन्मतात, वर वर सरकत जातात, वाटेत आपापलं काम करतात आणि काठाला पोचल्या की गळून पडतात. "आपण धड जगतो ते त्या वेळेवर मरतात म्हणून," त्या म्हणायच्या. "जिला निवृत्तच व्हायचं नसतं ती पेशी त्रास देते. तुमचे ते झोनल मॅनेजर होते ना, तसं." त्यानंतर त्या साहेबांसमोर उभा राहिलो की मला ते विहिरीच्या काठाला चिकटून बसलेले दिसायचे.

कुंदाताईंचा प्रश्न एकच होता आणि तो त्यांनी विशीत धरला तो सोडलाच नाही. अस्तरातली प्रत्येक पेशी शेजारणीचा हात घट्ट धरून असते. कॅन्सर झाल्यावर कधीतरी ती हात सोडते आणि चालायला लागते... यकृताकडे, फुप्फुसाकडे. ती हात कधी सोडते? का सोडते? मी म्हणायचो, "अहो, वैतागून सोडत असेल." त्या म्हणायच्या, "हे तपासता येईल असं काहीतरी बोला."

आणि माझी तपासणी. आजोबांची ती माहिती मी पोह्यांबरोबर दिलेली, ती पंचेचाळिशीनंतर माझ्या मागे लागली. दर दिवाळीला, दर दुर्गापूजेला, दर फोनवर एकच वाक्य : "कोलोनोस्कोपी करून घ्या." मी टाळत होतो. कारणं देत होतो. बँकेचं ऑडिट, पावसाळा, माधवीची कंबर... शेवटी त्यांनीच दिवस ठरवला, डॉक्टर ठरवला आणि आदल्या दिवशी काय खायचं याच्या सूचना फोनवर दिल्या. हलकं खा, पालेभाजी नको, बियांचं काही नको, संध्याकाळनंतर नुसतं पाणी आणि पोट साफ करायचं औषध. मी सगळं पाळलं. दुपारी शेजारच्या घोषबाबूंच्या घरून आलू-पोस्तो आला होता. बटाटा आणि खसखस. बंगाली माणूस तापातून उठला की हेच खातो, याहून हलकं ते काय! मी भाताबरोबर दोनदा घेतला. खसखस ही बी आहे, हे मला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं. करंजीत असते, अनरशावर असते, तिला बी कोण म्हणतं?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नळी आत घातली आणि थोड्या वेळानं काढून घेतली. बाहेर येऊन कुंदाताईंना म्हणाले, "आत आकाश दिसतंय, मॅडम. तारेच तारे." सगळीकडे खसखस. काही दिसत नव्हतं. कुंदाताई माझ्या खाटेशी येऊन उभ्या राहिल्या. मी गुंगीत होतो, पण त्यांचं वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं. "विनायकराव, बीएस्सी तुम्ही कुठून केलंत?"

दुसऱ्यांदा सगळं परत. त्या वेळी त्या स्वतः आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला आल्या आणि माझ्या ताटावर नजर ठेवून बसल्या. तपासणीत एक छोटासा कोंब निघाला, डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. तो तिथल्या तिथे कापून काढला. आठवड्यानं कुंदाताईंनी मला त्यांच्या ओळखीच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंकडे नेलं, सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि म्हणाल्या, "बघा. तुमचे चिरंजीव." गुलाबी-जांभळं काहीतरी होतं, वाकड्यातिकड्या विहिरी एकमेकींवर रेलल्या होत्या. "यानं मला नेलं असतं का?" मी विचारलं.

"नेलंही असतं, नसतंही. असले बहुतेक कोंब काहीच करत नाहीत. पण तुमचा कोणत्या जातीचा, ते आधी सांगता येत नाही." मग म्हणाल्या, "माधवीला सांगताना 'जीव वाचवला' वगैरे म्हणू नका. तसं काही सिद्ध झालेलं नाही."

आता तुम्हीच सांगा, अशा बाईचे आभार मानायचे कसे? माणूस हात जोडायला जातो आणि समोरून दुरुस्ती येते.

त्या शोधाचं मात्र सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे. प्रयोगशाळेत आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी बाटल्यांत, गुलाबी पाण्यात वाढवतात. एका रुग्णाच्या गाठीतून कधीकाळी घेतलेल्या पेशी, त्या वाढत राहतात, प्रयोगशाळा एकमेकींना देत राहतात, विरजण द्यावं तशा. कुंदाताईंनीही अशाच एका ठिकाणाहून आणल्या होत्या. त्यांच्यावर वर्षानुवर्षं काम करून त्यांना एक प्रथिन सापडलं. ते वाढलं की पेशी शेजारणीचा हात सोडते. शोधनिबंध छापून आला, वर्तमानपत्रात फोटो आला, परदेशातून बोलावणी आली, आणि आमच्या मंडळात सत्कार झाला. त्या सत्कारात मी काय बोललो ते आता संस्थेतल्या सगळ्यांना पाठ आहे.

त्यानंतर काही वर्षांनी, एका रविवारी, कुंदाताई न सांगता आमच्याकडे आल्या. कधी न सांगता यायच्या नाहीत. चप्पल काढून सरळ जेवणाच्या टेबलापाशी बसल्या.

"विनायकराव, माझ्या पेशी त्या नाहीतच."

मला काही कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. पेशींचीही माणसासारखी ओळख पटवता येते, त्यांच्या डीएनएवरून. नवा निबंध पाठवायचा होता म्हणून त्यांनी ती तपासणी करून घेतली होती. त्यांच्या बाटल्यांतल्या पेशी आतड्याच्या नव्हत्याच. दुसऱ्याच अवयवाच्या, कोणा दुसऱ्याच बाईच्या. त्या जातीच्या पेशी फार दांडग्या असतात म्हणे. कुठेतरी, कधीतरी, एखादा थेंब मिसळला की आधीच्या पेशींना मागे सारून सगळी बाटली बळकावतात. पेशी आणल्या त्या ठिकाणीच हे झालेलं होतं. कुंदाताईंच्या हातून नव्हे. पण त्यांनी तपासलं नव्हतं.

मी समजूत घालायला गेलो. "अहो ताई, कॅन्सरच आहे ना? या अवयवाचा काय नि त्या अवयवाचा काय..."

"तुमचं आतडं तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट घोषबाबूंचा आला, तर चालेल तुम्हाला?"

"पण हे कोणाला कळलंय का?"

"मला कळलंय."

त्यांनी निबंध मागे घ्यायचं ठरवलं आणि मग जो तो त्यांना समजवायला आला. वरिष्ठ आले, मित्र आले. कोणी म्हणालं, नुसतं गप्प बसा, पुढचं काम नीट करा, लोक विसरतील. कोणी म्हणालं, तुमच्याबरोबर संस्थेचंही नाव जाईल. त्या सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या आणि काहीही बदलायच्या नाहीत. या बाईला समजावणं म्हणजे ट्राम वळवण्यातला प्रकार, रूळ असतील तिकडेच जाणार. आम्ही सगळे वैतागलो. पण ज्यांना नुसता वैताग येतो त्यांचं काही बिघडत नाही. बिघडलं शर्मिष्ठाचं. तिची पीएच.डी. त्याच पेशींवर उभी होती. लिहायला घेतलेली. एका संध्याकाळी ती आमच्या स्वयंपाकघरात माधवीजवळ बसून रडत होती, तेवढ्यात कुंदाताई आल्या. पोरगी उठून उभी राहिली आणि जे बोलली तसं कुंदाताईंना कोणी ऐकवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुमचं नाव झालंय, कुंदादी. तुम्हाला खरं परवडतं. मी काय करू? माझी वर्षं कोण परत देणार?"

मला वाटलं, आता कुंदाताई तिला जवळ घेतील. नाही तर चिडतील तरी. त्या म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. वर्षं परत मिळणार नाहीत." मग पाणी प्यायल्या. "तपासून घेतलेल्या पेशी उद्या येतायत. सकाळी ये."

शर्मिष्ठा दुसऱ्या दिवशी गेली नाही. त्या आठवड्यातही गेली नाही. पुढे कधीतरी गेली... कशी गेली, का गेली, ते मला दोघींपैकी एकीनंही सांगितलं नाही. दोघींनी मिळून सगळे प्रयोग खऱ्या पेशींवर पहिल्यापासून केले. निकाल आला : नाही. आतड्याच्या पेशींत ते प्रथिन तसं काही करत नाही. आणि कुंदाताईंनी तो 'नाही' छापला. मला हे सहनच झालं नाही. मी म्हटलं, "हे छापून काय मिळालं तुम्हाला? 'नाही'चा कोणी सत्कार करतं का?"

"दुसऱ्या कोणाला आता हे करावं लागणार नाही," त्या म्हणाल्या. आणि नेहमीप्रमाणे विषय माझ्या पोटाकडे वळवला.

एकदाच, फक्त एकदाच, त्या मोकळेपणानं बोलल्या. बागबाजारच्या घाटावर मातीच्या भांड्यातला चहा घेऊन बसलो होतो. माधवी पाण्याशी गेली होती. मी विचारलं, "ताई, रडू आलं होतं का हो तेव्हा?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता पोस्तोचा विषय निघणार. पण नाही.

"वैताग आला," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी प्रश्न एकीला विचारत होते आणि उत्तरं दुसरीच देत होती. आणि मला ती उत्तरं आवडत होती..." मग त्यांनी मातीचं भांडं खाली ठेवलं. "आवडत होती, म्हणून तपासलं नाही."

हे सगळं मला माहीत असताना मी तिथे उभा राहून ते भाषण वाचलं. ज्या खऱ्यासाठी शर्मिष्ठानं स्वतःची वर्षं घातली, ते मी तिच्यासमोर माइकवरून पुसून टाकलं, आणि वर ते पितळेत कोरायची सोय केली. पाटी लागली असती तर पुढे येणारी पोरं रोज ती वाचत आत गेली असती, आणि कुंदाताईंनी जे खोडायला उरलेलं आयुष्य घालवलं त्याच्याच नावानं त्यांना ओळखत राहिली असती.

मी शर्मिष्ठाला फोन केला. तिनं उचलला नाही. परत केला, उचलला नाही. मग मी संचालकांना गाठलं. फार सज्जन माणूस. सज्जन माणसांशी भांडताना जो त्रास होतो तो दुर्जनांशी होत नाही.

"पण सर, तुमच्याच भाषणातलं वाक्य आहे," ते म्हणाले. "मी शब्दसुद्धा बदललेला नाही."

मी म्हटलं, तो शोध मागे घेतलेला आहे. ते म्हणाले, हो, आता कळलं, पण हे किती मोठेपणाचं आहे! मी म्हटलं, मग तेच लिहा. ते म्हणाले, पाटीवर 'मागे घेतला' बरं दिसत नाही, वाचणाऱ्याला काहीतरी लफडं वाटेल. त्यापेक्षा शोध राहू द्या, तो पुढे मागे घेतला हे ज्याला माहीत असायचं त्याला असेलच. मग मी मजकूर सुचवायला लागलो. पहिला जरा मोठा झाला. दुसरा पहिल्याचं स्पष्टीकरण होता. तिसऱ्यात पेशी बाटली कशी बळकावतात ते आलं. तिसरा ऐकून संचालक हळूच म्हणाले, "सर, पाटी आहे. भिंत नाही." दिवसाआड हा संवाद व्हायचा आणि दर वेळी मी आधीपेक्षा लांब मजकूर घेऊन परत यायचो. शर्मिष्ठाचा एक निरोप मोबाइलवर आला : कृपा करून आता आणखी काही करू नका.

तो मी माधवीला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. हात पुसले, माझ्या हातातून फोन घेतला आणि संचालकांना लावला. "मी कुंदाची बहीण," ती म्हणाली. "माझ्या बहिणीच्या नावाखाली खोटं लिहायचं नाही." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "हो," माधवी म्हणाली, "मजकूर तिच्या प्रयोगशाळेतली माणसं ठरवतील." फोन ठेवला आणि परत भाजी निवडायला बसली. मी इतके दिवस काय करत होतो हे तिनं विचारलं नाही, आणि ते फार बरं झालं.

मग शर्मिष्ठाचा फोन आला. आवाज अजून कोरडाच होता. सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत या, मजकूर ठरवू, घरचं कोणीतरी असावं. मी न्यू टाउनला संस्थेत वेळेच्या आधीच पोचलो. प्रयोगशाळेत खायला-प्यायला बंदी, म्हणून बाहेरच्या लहानशा खोलीत चहा असतो. पाच-सहा जण स्टुलांवर दाटीवाटीनं बसले होते. मला वाटलं, आधी पाटीचं निघेल, मी खिशातून चौथा मजकूर काढून तयार ठेवला. पण शर्मिष्ठानं चहाचा घोट घेतला आणि सगळ्यांना म्हणाली, "बोला."

एक दाढीवाला संशोधक म्हणाला, "मी शनिवारी बाटलीवर नाव घातलं नाही." दुसरी म्हणाली, "मी निकाल आवडला म्हणून प्रयोग परत केला नाही." तिसरा म्हणाला, "मी इन्क्युबेटरचं दार नीट लावलं नव्हतं." कोणी हसलं नाही, कोणी रागावलं नाही. शर्मिष्ठानं स्वतःचं सांगितलं : "मी सुदीपला न विचारता त्याच्या पेशी वापरल्या." सुदीपनं मान हलवली. मग सगळे एकदम नेहमीसारखे बोलायला लागले, कोणाचा प्रयोग काय म्हणतोय, कुठल्या यंत्राची पाळी कोणाची.

मी शर्मिष्ठाला हळूच विचारलं, हे काय आहे?

"सोमवार," ती म्हणाली. "आधी काय चुकलं ते, मग काय सापडलं ते. निबंध मागे घेतला तेव्हापासून आहे. पहिल्या सोमवारी कुंदादी इथेच बसल्या आणि म्हणाल्या, 'मी पेशी न तपासता इतकी वर्षं काम केलं.' मग चहा प्यायल्या आणि पुढच्याकडे बघितलं. मी अजून रुसलेली होते, दारात उभी होते. पुढची मीच होते."

"मग?"

"मग काय... मीही सांगितलं. मीसुद्धा तपासलं नव्हतं ना."

इतकी वर्षं दर आठवड्याला ती बाई इथे बसून स्वतःच्या चुका सांगत होती आणि घरी आम्हाला यातलं एक अक्षर बोलली नाही. घरी येऊन माझ्या चुका सांगायची. मला एकीकडे गहिवरून आलं आणि एकीकडे, खरं सांगतो, फसवल्यासारखं वाटलं.

पाटीचं पुढच्या चहात ठरून गेलं. माझा चौथा मजकूर खिशातच राहिला. वर नुसतं नाव, खाली कुंदाताई प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगायच्या ते : 'आधी पेशी तपासा.' बंगालीत आणि इंग्रजीत. बाकी काही नाही. मला आत कुठेतरी वाटलं, एवढंच? आणि लगेच वाटलं, हो, एवढंच.

मी उठायला लागलो, तशी शर्मिष्ठा म्हणाली, "मेशोमोशाय, तुमचं राहिलं." बंगालीत मावशीच्या नवऱ्याला मेशोमोशाय म्हणतात, आणि सवयीनं कुठल्याही म्हाताऱ्या गृहस्थालाही. त्या दिवशी तिनं पहिल्यांदाच मला तसं म्हटलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. स्टुलं सरकली, चहा थांबला. मी घसा साफ केला. आयुष्यात इतकं लक्ष देऊन ऐकणारी माणसं मला मिळाली नव्हती. मी सुरुवात केली. म्हटलं, त्याचं असं झालं, की मी मूळचा इथला नव्हे, बँकेच्या बदलीनं आलो, आणि बागबाजारात तेव्हा पाठारे नावाचं एक कुटुंब राहायचं, त्यांच्याकडे मला पोह्यांना बोलावलं होतं...

शर्मिष्ठानं कप खाली ठेवला.

"एक वाक्य, मेशोमोशाय. कुंदादी असत्या तर तुम्हाला एव्हाना खाली बसवलं असतं."